एका खोलीत दोघी, एक टेबल आणि हात वर करून दिलेलं मत

गोदाकाठ

भाचीचा एमबीएला नंबर लागलाय. जूनमध्ये हॉस्टेलला जाईल. परवा दादाकडे जेवायला बसलो होतो तेव्हा तिने विचारलं, "आत्या, तिथे इलेक्शन असतात म्हणे. उभी राहू का?" दादाने ताटातून मानही वर केली नाही. "त्या भानगडीत पडायचं नाही. दोन वर्षं गप अभ्यास करायचा." मी तेव्हा काही बोलले नाही. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. तिच्यासाठी लिहितेय, पण तुम्हीही आपापले अनुभव सांगा. तिला हा धागा वाचायला देणार आहे.

मी गंगाखेडची. वडील एसटीत कंडक्टर. औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, कॅट ही प्रवेशपरीक्षा दिली (तेव्हा कागदावर पेन्सिलीने गोळे काळे करायचे, संगणकावर परीक्षा २००९ पासून सुरू झाली) आणि जून २००८ मध्ये पूर्व भारतातल्या एका संस्थेत दाखल झाले. संस्थेचं नाव सांगत नाही. पुढे थोडं कडू लिहायचं आहे आणि ती सगळी माणसं आज संसारात, नोकरीत आहेत.

ते वर्ष कसं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. १० एप्रिल २००८ ला सुप्रीम कोर्टाने केंद्रीय शिक्षणसंस्थांमधलं ओबीसींचं २७ टक्के आरक्षण वैध ठरवलं. खुल्या जागा कमी होऊ नयेत म्हणून एकूण जागा वाढवायच्या, असं सरकारने आधीच ठरवलं होतं. जागा वाढवायला कागद पुरतो, खोल्या मात्र बांधाव्या लागतात. त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा एकीसाठी बांधलेल्या खोलीत दोघी होतो. दोन पलंग टाकल्यावर दार अर्धंच उघडायचं. दुसऱ्या टेबलाला जागाच नव्हती.

माझी रूममेट कोईमतूरची. पहिल्याच आठवड्यात आम्ही टेबलाच्या पाळ्या लावल्या. रात्री दहा ते दोन माझी, दोन ते सहा तिची. ती नऊलाच झोपून जायची आणि दोनला उठायची. मी दोनला दिवा तिच्या बाजूला वळवायचे, माझ्या केस स्टडीचे कागद उचलायचे, टेबल ओल्या फडक्याने पुसायचे आणि तिच्या पायाला हात लावून तिला उठवायचे. दोन वर्षं हे असंच चाललं. आईवडिलांच्या घरातसुद्धा मी कुणासाठी इतकं नेमाने काही केलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी मेस सेक्रेटरीच्या निवडणुकीला उभी राहिले. कारण अगदी साधं होतं. साडेआठला लेक्चर, रात्री तीन-चारपर्यंत जागरण, आणि नाश्ता सव्वाआठला बंद. निम्मा वर्ग उपाशी बसायचा. मला वाटलं, हे तर बदलता येईल. निवडणुकीच्या आदल्या रात्री सोपबॉक्स असायचा. ज्यांना बाहेर हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: उमेदवाराने सगळ्यांसमोर उभं राहून भाषण करायचं आणि कुणीही काहीही विचारायचं. माझं भाषण बरं झालं. मग मागून एकाने विचारलं, "तुझा पर्सेंटाइल किती?"

मेसच्या नाश्त्याशी पर्सेंटाइलचा संबंध नव्हता. तो प्रश्न कशासाठी होता हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. आमची त्या आरक्षणाची पहिली बॅच. कोण कुठल्या यादीतून आलंय याची कुजबुज पहिल्या दिवसापासून चालू होती. नॉन-क्रीमिलेयरच्या दाखल्यासाठी वडिलांनी तहसीलला किती चकरा मारल्या ते मला त्या क्षणी आठवलं. घसा कोरडा पडला. मी आकडा सांगितला, जसा होता तसा, दशांशासकट. आणि म्हणाले, "नाश्ता पावणेदहापर्यंत चालू ठेवायचा असेल तर मला मत द्या." अकरा मतांनी पडले.

रात्री खोलीवर येऊन खूप रडले. रूममेट नऊला झोपणारी, पण त्या दिवशी जागी राहिली. बोलली काहीच नाही. तिच्याकडे घरून आलेला मुरुक्कूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चकलीचा, डबा होता, तो मध्ये ठेवला.

जो निवडून आला त्याने चार दिवसांनी मला मेस कमिटीवर घेतलं. मी हो म्हणाले. कमिटीत काय काय शिकले ते लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही, एवढंच सांगते की पहाटे पाचला सुपरवायझरबरोबर मंडईत जाऊन बटाट्याचं पोतं स्वतः काट्यावर चढवलं तेव्हा 'घट' म्हणजे काय ते समजलं. ऑपरेशन्सच्या वर्गात तो शब्द महिनाभर ऐकत होते. आणि हेही कळलं की मेसमध्ये वाढणारी मुलं दुपारी तीननंतर उरलेलं जेवायची. ते आम्ही बदलून घेतलं. नाश्त्याची वेळ वाढली ती फक्त साडेनऊपर्यंत.

आता मुख्य गोष्ट. १५ सप्टेंबर २००८, सोमवार. जेवणाच्या रांगेत असताना कुणीतरी लॅपटॉप हातात धरून पळत आलं: लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली. आमच्या कितीतरी जणांनी ज्या दारांकडे डोळे लावून दोन वर्षांची फी कर्जाने भरली होती, ती दारं त्या आठवड्यात बंद होऊ लागली. सीनिअर्सच्या ऑफर्स मागे घेतल्याच्या बातम्या यायला लागल्या. आमच्या समर्सच्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती तोंडावर आलेल्या आणि येणाऱ्या कंपन्या दर आठवड्याला कमी होत होत्या.

प्लेसकॉमने, म्हणजे प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कमिटीने, एक ठराव आणला. दरवर्षी काय व्हायचं, तर चांगल्या ग्रेडचे ठरावीक वीस-पंचवीस जण सगळीकडे अर्ज करायचे, प्रत्येक शॉर्टलिस्टमध्ये तीच नावं यायची, आणि शेवटी प्रत्येक जण जागा तर एकच घेणार. बाकीच्यांना मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचताच येत नसे. कंपन्या भरपूर असताना हे खपून जायचं, त्या वर्षी खपणार नव्हतं. ठराव असा: प्रत्येकाने जास्तीत जास्त सहा ठिकाणी अर्ज करायचा.

रात्री अकराला जीबीएम, म्हणजे सगळ्यांची सभा, सुरू झाली, अख्खी बॅच ऑडिटोरियममध्ये. माझ्या रूममेटचे ग्रेड पहिल्या दहात. ती ठरावाच्या विरोधात बोलली आणि फार नेमकं बोलली. मी पहाटे दोनला उठते, ते माझे पर्याय कमी व्हावेत म्हणून नाही, असं म्हणाली. तिचे वडील गिरणीत फिटर होते, तीही कर्जावरच आली होती. दोनचं ते उठणं मला जितकं ठाऊक होतं तितकं त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

साडेतीनला हात वर करून मतदान झालं. ती माझ्या दोन रांगा पुढे बसली होती. मोजणी करणाऱ्याने "बाजूने" म्हटल्यावर तिने मागे वळून पाहिलं. माझा हात वर होता.

ठराव मंजूर झाला. आम्ही दोघी वेगवेगळ्या वेळी खोलीवर आलो. पुढचे नऊ दिवस एक शब्दही बोललो नाही. पण रोज रात्री दोनला मी दिवा वळवला, टेबल पुसलं, तिच्या पायाला हात लावला. ती उठून बसायची.

दहाव्या रात्री तिने टेबलाशी बसता बसता, माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "माझे ग्रेड तुझे असते तर तू हात वर केला असतास?"

मी न्यायाबद्दल बोलत होते. समान संधी म्हणत होते. जीबीएममध्ये एका शब्दाचंही खोटं बोलले नव्हते. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज विचाराल तर प्रामाणिक उत्तर आहे: बहुतेक नाही. ठराव योग्य होता, असं मला अजूनही वाटतं. पण मी हात वर केला तो ठराव योग्य होता म्हणून की माझे ग्रेड कमी होते म्हणून, हे त्या रात्रीपर्यंत मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

पुढे नोकरीत पगारवाढीच्या बैठका, माणसं कमी करायच्या याद्या, सोसायटीतलं पार्किंगचं वाटप, हे सगळं करून झालंय. प्रत्येक वेळी मत देण्याआधी तो प्रश्न येतो. तो मला कुठल्याही वर्गात मिळाला नसता. बाहेरच्या राजकारणात विरोधक मत देऊन आपल्या घरी जातो. हॉस्टेलमध्ये तो तुमच्याच खोलीत झोपायला येतो.

म्हणून दादाचं म्हणणं मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

विटांचा_माणूस

गोदाकाठताई, "दोन पलंग टाकल्यावर दार अर्धंच उघडायचं" इथे थांबलो. मी आर्किटेक्ट आहे, मला माणसांच्या आधी खोल्या दिसतात.

अहमदाबादच्या आयआयएमची वसतिगृहं लुई कान या अमेरिकी वास्तुविशारदाने आखली, बाळकृष्ण दोशी सोबत होते. कानने तिथे लांबलचक कॉरिडॉर मुद्दाम टाळले. दहा-दहा खोल्यांचा गट, मध्ये जिना आणि चहाची खोली. त्याच्या मते शिक्षण वर्गाइतकंच या जिन्यापाशी होणार होतं. म्हणजे माणसं एकमेकांना टाळू शकणार नाहीत, अशी रचना. विद्यार्थी म्हणून ती पाहायला गेलो होतो तेव्हा रात्री एक वाजता जिन्यात चौघं कसल्याशा यादीवरून तावातावाने भांडत होते. मला तेव्हा वाटलं, किती हा गोंगाट. आता कळतंय की इमारत तिचं काम करत होती.

२०२० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या अठरापैकी चौदा डॉर्म पाडायचा निर्णय झाला, तेव्हा जगभरातून विरोध झाला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. माझे तिथे शिकलेले दोन मित्र, ज्यांना वास्तुकलेशी काही घेणंदेणं नाही, ते रात्री फोन करून हळहळत होते. त्यांना विटांची काळजी नव्हती, त्या जिन्याची होती.

चाफेकळी७२

वाचून डोळे भरून आले. मुलगी याच वर्षी चाललीय, तीही अबोल आहे. असं सगळ्यांसमोर कुणी काही विचारलं तर ती काय करेल?

तुमची आणि त्या रूममेटची पुढे बोलचाल राहिली का हो?

लोकलप्रवासी

मी दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगतो. मी चर्चगेटला जमनालाल बजाज या एमबीएच्या संस्थेत होतो. अंबरनाथहून जायचो. पहाटेची गाडी, सीएसटीला उतरून चालत. आमच्यातले बहुतेक जण असेच घरून येणारे. संस्था उत्तम, शिक्षण उत्तम, त्याबद्दल मनात फक्त कृतज्ञता आहे.

पण मतभेद झाला की आम्ही ७:४० च्या गाडीने घरी जायचो. दुसऱ्या दिवशी विषय संपलेला असायचा. तेव्हा मला हे फार सोयीचं वाटायचं. आता लक्षात येतं की तो संपत नव्हता, नुसता राहून जायचा. एका ग्रुप प्रोजेक्टवरून एका मित्राशी बिनसलं ते आजतागायत तसंच आहे. एका खोलीत राहिलो असतो तर एकतर मारामारी झाली असती नाहीतर मिटलं असतं.

घरून शिकण्याचे फायदे आहेतच, आईच्या हातचा डबा होता, आजारपणात घरचे जवळ होते. ज्यांना हॉस्टेल परवडत नाही त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. पण तुम्ही वर्णन केलेली गोष्ट आम्हाला मिळाली नाही, हे खरं.

कलम_चाळीस

लेख आवडला, पण याला विद्यार्थी राजकारण म्हणावं का, याबद्दल माझं मत वेगळं आहे. मेस आणि प्लेसमेंट हे एका छोट्या गृहनिर्माण सोसायटीचं राजकारण झालं. विद्यार्थी राजकारण म्हणजे फीवाढ, परीक्षेचे गोंधळ, ज्याला प्रवेशच मिळाला नाही त्याचा प्रश्न. व्यवस्थापन संस्थांमधल्या मुलांना हे प्रश्न शिवतही नाहीत.

आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आपल्या मुलांना दोन्ही मिळालं नाही. ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या निवडणुकांत हिंसा वाढली, १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि पुढे निवडणुका बंदच पडल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर गुणवत्तेनुसार नेमणुका सुरू झाल्या. म्हणजे ज्याला मार्क जास्त तो प्रतिनिधी! गोदाकाठताईंना विचारलेला पर्सेंटाइलचा प्रश्न आपण कायद्यातच लिहून ठेवला होता. २०१६ च्या नव्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद केली, २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलं आणि पुढे ढकललं गेलं. दोन पिढ्या मत न देताच पदवीधर झाल्या. मी त्यांतला एक आहे. कॉलेजची पाच वर्षं मी एकदाही कुणाला निवडून दिलं नाही.

विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २००६ मध्ये देशभर लागू केल्या. उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, ७५ टक्के हजेरी, छापील पोस्टरला मनाई. नियम चांगले आहेत. पण निवडणूकच नसेल तर नियम कशाला लावायचे?

गोदाकाठ

कलम_चाळीस, "पर्सेंटाइलचा प्रश्न कायद्यातच लिहून ठेवला होता" हे वाक्य माझ्या मनात घर करून राहणार आहे. असा विचार मी कधीच केला नव्हता. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात अगदी असंच होतं. पहिला आला तो सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, त्याला कुणी मत दिलं नव्हतं, त्यामुळे त्याला कुणाला जाबही द्यावा लागत नसे.

तुमचा पहिला मुद्दा मात्र अर्धाच मान्य. मेस लहान प्रश्न आहे हे खरं. पण वाढणाऱ्या मुलांनी तीन वाजता उरलेलं खायचं की नाही, हा प्रश्न लहान नव्हता. आणि तो कमिटीत बसल्याशिवाय मला दिसलाही नसता, मी रोज त्याच मेसमध्ये जेवत असूनही.

सडेतोड_सुभाष

माफ करा, पण सध्याचं चित्र फार वेगळं आहे. पुतण्या आत्ताच पास झाला. तिथे कमिट्यांसाठी निवडणुका नाहीतच, सीनिअर मुलाखती घेऊन निवडतात. पद कशासाठी, तर सीव्हीवर एक ओळ यावी म्हणून. त्याला 'पीओआर' (पोझिशन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी) म्हणतात. पहिल्या पंधरा दिवसांत मुलं दहा-दहा कमिट्यांचे फॉर्म भरतात, रात्री दोन वाजता मुलाखतीला बोलावतात, रडवतात. बऱ्याच संस्थांची फी आता वीस लाखांच्या वर आहे. एवढं कर्ज डोक्यावर असताना कुणी मतभेदाचे धडे घ्यायला जात नाही. तुमचे दादा चुकीचं बोलले नाहीत.

उशिरापर्यंत_जागा

मी प्लेसकॉमवर होतो. गोदाकाठ यांच्याच आगेमागे, दुसऱ्या संस्थेत. इतकी वर्षं हे कुणाशी बोललो नाही, आज लिहितोय.

मंदीच्या वर्षी प्लेसमेंटचं काम म्हणजे दिवसभर फोन. "यंदा आम्ही येणार नाही" हे दिवसातून दहा वेळा ऐकायचं आणि रात्री मेसमध्ये जेवताना समोरच्याने "काही नवीन?" विचारल्यावर "बघतोय" म्हणायचं. आम्ही ठरवलं होतं की नाही म्हणालेल्या कंपन्यांची नावं जाहीर करायची नाहीत, बॅच घाबरेल. त्या यादीत एक कंपनी अशी होती जिच्यासाठी माझा शेजारच्या खोलीतला मित्र तीन महिने तयारी करत होता. रोज रात्री मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाची मुलाखत, द्यायला माझ्याकडेच यायचा. ती येणार नाही हे मला माहीत होतं. मी बारा रात्री त्याचे मॉक घेतले.

त्याला कळलं तेव्हा तो भांडला नाही. फक्त त्याने माझ्या खोलीवर येणं बंद केलं. दीक्षान्त समारंभाच्या फोटोत आम्ही शेजारी उभे आहोत, आडनावांच्या क्रमामुळे.

त्यामुळे भाचीला सांगा की उभी राहा, पण कुठली गोष्ट आपण मित्रापासून लपवणार नाही हे पद घेण्याआधी ठरव, आणि कमिटीला तोंडावर सांग. मी ते नंतर ठरवायला गेलो.

विटांचा_माणूस

उशिरापर्यंत_जागा, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या मित्राला हे पाठवता येईल का?

उशिरापर्यंत_जागा

नंबर आहे. बघतो.

चाफेकळी७२

उशिरापर्यंत_जागा, तुमचं वाचून मला राहवलं नाही म्हणून परत आले. मी माझ्या अबोल मुलीला हा धागा वाचून दाखवला. तुमच्यापाशी आल्यावर तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "आई, त्यांना सांग की त्यांनी मॉक तर मनापासून घेतले ना." मी सांगितलं की तू सांग. ती म्हणाली तूच लिही. म्हणून लिहिलं.

कलम_चाळीस

सडेतोड_सुभाष यांचा मुद्दा बाजूला सारू नये. सीनिअरनी मुलाखत घेऊन निवडणं आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमणं यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे वरचा खालच्याला निवडतो. ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्यासमोर उभं राहून मत मागावं लागत नाही. सोपबॉक्सवर तो घाणेरडा प्रश्न विचारला गेला, पण तो निदान सगळ्यांसमोर विचारला गेला आणि त्याला उत्तरही सगळ्यांसमोर दिलं गेलं. बंद खोलीतल्या मुलाखतीत तोच प्रश्न मनात ठेवून एखादीला नुसतं 'नाही' म्हणतील, आणि तिला कधी कळणारही नाही.

लोकलप्रवासी

+१. हा विचार सुचला नव्हता.

सडेतोड_सुभाष

कलम_चाळीस, हे पटलं. पुतण्याच्या वर्गातली एक मुलगी अशीच तीन कमिट्यांत नाकारली गेली, कारण कुणी सांगितलं नाही. पुतण्या कमिटीवर होता. त्याला विचारतो.

गोदाकाठ

आठवडाभर उत्तर देता आलं नाही, क्षमस्व. ऑफिसात वर्षअखेर होती.

चाफेकळीताई, तुमची मुलगी अबोल असेल, पण तिने जे सांगितलं ते अबोल माणसाचं नाही. समोरून कुणी वाईट विचारलं तर काय करेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी काय केलं तेवढंच सांगू शकते: आकडा सांगितला आणि नाश्त्यावर परत आले. तेवढ्याने मी जिंकले नाही. पण त्यानंतर दोन वर्षांत तो प्रश्न मला कुणी परत विचारला नाही. आणि एक व्यवहाराचं: जाताना टेबललॅम्प असा द्या ज्याची मान वळते.

उशिरापर्यंत_जागा, दुसऱ्या वर्षी मीही प्लेसकॉमवर होते. नाही म्हणालेल्या कंपन्यांची यादी आम्ही दर शनिवारी लावायची असं ठरवलं, आमच्यात त्यावरून कडाक्याची भांडणं झाली आणि पहिल्या शनिवारी यादी लागल्यावर खरोखरच दोन मुली घाबरून रडल्या. त्यांतल्या एकीला मी घरी जाऊन आणलं. तेव्हा यादी लावणं बरोबरच होतं, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुम्ही बारा रात्री एकट्याने जे ओझं वाहिलंत ते आम्ही बॅचवर वाटून टाकलं, एवढंच.

सहाच्या मर्यादेचं काय झालं, असं व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलंय. मला समर्समध्ये एका सरकारी बँकेत इंटर्नशिप मिळाली, ती मर्यादा नसती तर त्या मुलाखतीला मी पोचलेच नसते. रूममेटला तिच्या सहातली तिसरी मिळाली. तिला हवी होती ती सातवी होती, तिथे तिने अर्जच केला नव्हता. हे मी कधी विसरलेले नाही.

आणि हो, आमची बोलचाल आहे. ती आता कोईमतूरलाच असते. या रविवारी फोनवर मी तिला हा अख्खा धागा इंग्रजीत सांगितला, तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांसकट, दीड तास. मुरुक्कूचा डबा तिला आठवत होता. जीबीएम आठवत होती, मी कुठल्या रांगेत बसले होते तेही. पण दहाव्या रात्री विचारलेला प्रश्न तिला आठवेना. "असं मी म्हणाले?" दोनदा विचारलं तिने. सोळा वर्षं मी ज्या प्रश्नासोबत राहतेय तो विचारल्याचंच तिच्या लक्षात नाही.

शिवाय तिने एक चूक काढली. पाळी दोनला बदलायची हे पहिल्या सत्रापुरतं खरं, म्हणाली. जानेवारीपासून आपण दीड केलं होतं, कारण तुला सकाळी मंडईत जायचं असायचं आणि तुझी झोप होत नव्हती. मीच म्हणाले होते, मला अर्धा तास आधी उठव.

हे मी साफ विसरले होते. वर दुरुस्ती करतेय.